डेम्पस्टर हायवे, एकट्यानं सायकलवर: ४०५ किलोमीटर आणि बसून काढलेले दोन दिवस

चोरलकाठ (इंदूर), रविवार रात्री ९:१०

मंडळी, नमस्कार.

मागच्या हिवाळ्यात मी इथे विचारलं होतं की कॅनडाच्या उत्तरेतल्या डेम्पस्टर हायवेवर कुणी सायकल चालवली आहे का. तेव्हा उत्तर आलं नव्हतं. आता जाऊन आलोय, तर सविस्तर लिहितो. पुढे कुणी शोधलं तर त्याला मराठीत काहीतरी सापडावं.

आधीच सांगून टाकतो, मी शेवटपर्यंत गेलेलो नाही. हा रस्ता डॉसन सिटीपासून साधारण ४० किलोमीटरवर क्लोंडाइक हायवेला फुटतो आणि ७३६ किलोमीटर उत्तरेला इनुविकला जातो. मी ४०५व्या किलोमीटरवरून, आर्क्टिक वृत्ताच्या फलकापासून मागे फिरलो.

रस्ता कसा आहे ते आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. तिथली जमीन बारा महिने गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा थोडा थर वितळतो, खाली बर्फच. उघड्या जमिनीवर रस्ता केला तर ऊब खाली जाते, बर्फ वितळतो आणि रस्ता खचतो. म्हणून खडी-मुरमाचा जाड भराव घातलाय, कुठे १.२ मीटर तर कुठे २.४ मीटर. हा भराव म्हणजे खालच्या बर्फावर घातलेली गोधडीच. बांधकाम १९५९ मध्ये सुरू झालं आणि रस्ता खुला झाला १९७९ मध्ये. वर डांबर जवळजवळ नाहीच. धूळ बसावी म्हणून कॅल्शियम क्लोराइड मारतात. कोरड्या दिवशी रस्ता टणक आणि छान असतो, पण पाऊस पडला की त्याच रस्त्याची लापशी होते.

सुरुवातीपासून ३६९ किलोमीटरपर्यंत दुकान नाही. तिथे ईगल प्लेन्स नावाचं एक ठिकाण आहे: हॉटेल, पेट्रोल, पंक्चर काढायची सोय. त्याआधी ७१व्या किलोमीटरजवळ टूम्बस्टोन आणि १९३व्याजवळ इंजिनियर क्रीक अशी दोन सरकारी कॅम्पग्राउंड्स. जळणाचं लाकूड मिळतं, अस्वलाला उघडता येणार नाहीत अशा पेट्या असतात, पण खायला काही विकत मिळत नाही.

पहिले चार दिवस फार सुंदर गेले. टूम्बस्टोनचे काळे सुळके, मग १,३०० मीटरच्या आतली खिंड, मग झाडंच नसलेला मोकळा मुलूख. रात्र होतच नाही. अकरा वाजता तंबूत शिरलो तेव्हा बाहेर आपल्याकडचे संध्याकाळचे सहा वाजावेत तसा उजेड. शरीराला थांबायचं कळत नाही, म्हणून मी घड्याळ लावून थांबायचो. इंजिनियर क्रीकचं पाणी लोखंडानं तांबडं झालेलं, काठाचे दगडही तांबडे, आणि गंधकाचा वास. ते पीत नाहीत, पुढे ओगिल्वी नदीला भरून घ्यायचं. आणि भरपूर भरायचं, कारण नदी सोडून रस्ता डोंगराच्या माथ्यावर चढतो आणि ईगल प्लेन्सपर्यंत माथ्यावरूनच जातो. तिथे ओढा लागत नाही. मी नऊ लिटर भरलं.

पाचव्या दिवशी, तिनशेव्या किलोमीटरच्या आसपास, सकाळी साडेअकराला पाऊस सुरू झाला. आधी रस्ता फक्त काळपट दिसायला लागला. पंधरा मिनिटांत मागच्या टायरवर राखाडी चिकट थर चढला, त्यात बारीक खडी रुतलेली. टायर आणि मडगार्डच्या मध्ये ती खडी अडकून कर्रकर्र करायला लागली. मग चाक फिरेचना, नुसतं घसरत होतं. टायर लिव्हरनं गाळ खरवडून काढला, वीस पावलं सायकल ढकलली, पुन्हा भरला. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मी जोर लावला. तो लावायला नको होता. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग, स्पोकमध्ये ओढला गेला आणि त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर मोडला.

जादा हँगर माझ्याकडे होता. निघण्याआधी एका दुकानातून "हाच बसेल" म्हणून घेतलेला. मी पिशवी फोडून फ्रेमला लावून बघितला नव्हता. आता बघितला तर भोकं जुळत नव्हती. सातासमुद्रापार, गुडघाभर चिखलात, हातात तो बोटभर धातूचा तुकडा घेऊन मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.

रस्त्याच्या कडेला खडी काढलेली एक सपाट जागा होती. तिथे तंबू लावला. तीन रात्री आणि मधले दोन अख्खे दिवस मी तिथेच बसून होतो. तंबूच्या कापडावरून गळणारं पाणी पातेल्यात धरलं. खायला होतं. मी ईगल प्लेन्सपर्यंतच्या सात दिवसांचं नेलं नव्हतं, अकरा दिवसांचं नेलं होतं. हेच मला या धाग्यात सांगायचंय. तिथे जाणारा प्रत्येक जण रोज किती किलोमीटर मारायचे याचा हिशेब करतो. बसायच्या दिवसांचा हिशेब कुणी करत नाही.

रस्ता वाळल्यावर चेन तोडून आखूड केली, एकच गिअर ठेवला, आणि उतारावर बसून, चढावर चालून दीड दिवसात ईगल प्लेन्स गाठलं. तिथे माझ्या फ्रेमचा हँगर मिळणं शक्य नव्हतं. एक दिवस विश्रांती घेऊन त्याच एका गिअरवर आर्क्टिक वृत्तापर्यंत गेलो, रात्र तिथे काढली, दुसऱ्या दिवशी परत. मग एका पिकअपमधून डॉसनला.

प्रश्न असतील ते विचारा. जेवढं माहीत आहे तेवढं सांगीन.

निमाडी, रविवार रात्री ९:४८

वाचताना अंगावर काटा आला. अस्वलांबद्दल काहीच लिहिलं नाहीत? आणि खाण्यात काय नेलंत ते जरा खुलवून सांगा. मी खरगोनचा, घरून भाकरी-चटणी घेतल्याशिवाय आमच्याकडे कुणी वेशीबाहेर पडत नाही.

तिळगूळ, रविवार रात्री १०:०५

दादा, आधी परत सुखरूप आलात याचा आनंद. माझा प्रश्न वेगळा आहे. घरच्यांनी कसं सोडलं? एकटं? तुमच्या आईंना मी महाराष्ट्र साहित्य सभेच्या कार्यक्रमांत पाहिलंय, त्यांचा चेहरा डोळ्यांपुढे आला.

चोरलकाठ, रविवार रात्री ११:२०

निमाडी, अस्वल एकदाच जवळून दिसलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, रस्त्याच्या कडेच्या उतारावर एक ग्रिझली मुळं उकरत होती. शंभरएक पावलांवर. पुढच्या पंजानं गवताचं अख्खं ढेकूळ उलटं करायची, आपल्याकडे नांगराचा फाळ मातीची कड उलटवतो तसं, आणि मग नाक खुपसून हुंगायची. माझ्याकडे बघितलं, पुन्हा कामाला लागली. मी खाली उतरलो, अस्वलावर मारायचा मिरचीचा स्प्रे हातात घेतला आणि मोठ्यानं बोलायला लागलो. माणूस आहे हे तिला कळलं पाहिजे, पळायचं तर अजिबात नाही. ऐनवेळी तोंडातून एकोणतीसचा पाढाच आला. दोनदा म्हटला. मागून ट्रक आला तशी ती उतारावरून खाली निघून गेली.

स्प्रे विमानात नेता येत नाही, चेक-इनच्या सामानातही नाही. तो आणि शेगडीचं इंधन मी व्हाइटहॉर्सला घेतलं, विमानानं पोचतो त्या शहरात. स्प्रे पाच ते नऊ मीटरवर मारायचा असतो, म्हणजे जनावर खूप जवळ येईपर्यंत हात आवरायचा. म्हणून तो बॅगेत ठेवून उपयोग नाही, हँडलला बांधा. खाणं, टूथपेस्ट, साबण, ज्याला ज्याला वास आहे ते सगळं कॅनिस्टरमध्ये, म्हणजे अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात, तंबूपासून शंभर मीटर लांब. स्वयंपाकही तंबूपासून दूर. तुमच्या भाकरी-चटणीतली चटणी तिथे चालणार नाही, लसणाचा वास हाताला दोन दिवस राहतो.

खायला: जाड पोहे, सत्तू, भाजणी, गूळ, दाणे, मेतकूट, आणि डॉसनला घेतलेलं चीज, नूडल्स. इथून नेलेलं सगळं कस्टमच्या फॉर्मवर लिहून दिलं. पोह्यांचं मोल मला तिथे कळलं. इंदुरात आपण ते वाफेवर गरम ठेवून, वर सेव घालून खातो, पण तंबूत बसून असताना नुसत्या गार पाण्यात भिजवून गूळ-दाण्यांबरोबर खाल्ले. इंधन लागत नाही, भांडं घासावं लागत नाही, पोटाला आधार होतो.

तिळगूळताई, आईनं लगेच नाही सोडलं. दोन वर्षं बोलणं चालू होतं. शेवटी तिनंच अट घातली की रोज एक निरोप आला पाहिजे. बहुतेक रस्त्यावर मोबाईल चालत नाही, म्हणून सॅटेलाइट मेसेंजर. इथे एक महत्त्वाची गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा: भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा असा मेसेंजर बाळगता येत नाही. विमानतळावर त्यावरून लोक अडकलेले आहेत. मी तिथेच भाड्यानं घेतला आणि तिथेच परत केला.

ठरलं होतं की छत्तीस तास निरोप आला नाही तर भाऊ मदत मागवेल. बसून असलेल्या दिवसांत मी लिहायचो, "आज बसलोय. ठीक आहे." दुसऱ्या दिवशी आईचं उत्तर आलं, "बस. घाई करू नकोस. पोहे पुरतील ना?" ते मी किती वेळा वाचलं असेन.

किल्ल्याखाली (ग्वाल्हेर), सोमवार सकाळी ७:३०

थंडीचं सांगा. आमच्याकडे जानेवारीत धुक्यात सकाळी तीन-चार डिग्री असते, तेवढ्यात सायकल चालवायची सवय आहे. जुलैत तिथे काय लागतं?

चोरलकाठ, सोमवार सकाळी ८:०२

मग तुम्ही माझ्यापेक्षा तयार आहात. दिवसा वीसच्या आसपास, कधी जास्त. रात्री पाच-सहा. पण डोंगरात कुठल्याही महिन्यात बर्फ पडू शकतं, म्हणून शून्याखाली चालेल अशी स्लीपिंग बॅग न्या. थंडीपेक्षा ओल वाईट. एक कपड्यांचा जोड फक्त झोपायला, काहीही झालं तरी तो भिजू द्यायचा नाही. आणि डोक्यावर घ्यायची मच्छरजाळी. वारा पडला की डास इतके येतात की तोंड उघडता येत नाही. मी रस्त्याच्या मधोमध, वाऱ्यात बसून जेवायचो.

फक्त_हिमालय, सोमवार दुपारी १:१५

लेख चांगला आहे, पण दोन गोष्टी स्पष्ट बोलतो. राग मानू नये.

एक, मनाली-लेह सोडून इतक्या लांब आणि इतका खर्च करून जायचं कारण काय? टांगलांग ला ५,३०० मीटरच्या वर आहे. तुमची सगळ्यात उंच खिंड १,३०० सुद्धा नाही. आपल्या देशात याहून अवघड रस्ते आहेत.

दोन, ४०५ वरून परत आणि वर पिकअपमधून डॉसन. मग याला डेम्पस्टर केला असं म्हणता येईल का? मी जेव्हा लेहला गेलो तेव्हा एक किलोमीटरही गाडीत बसलो नाही.

निमाडी, सोमवार दुपारी १:४०

शीर्षकातच ४०५ लिहिलंय की त्यांनी.

चोरलकाठ, सोमवार रात्री ९:३०

राग कशाला. दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

मनाली-लेह मी २०१६ मध्ये केलाय, अर्थात सायकलवर. त्याची तुलना करायची तर श्वासाच्या बाबतीत लेहचा रस्ता कितीतरी कठीण आहे, यात शंकाच नाही. सर्चूच्या पुढे मी दहा पावलं टाकून थांबत होतो. पण सर्चूला तंबू होते, पांगला तंबू होते, डाळ-भात होता, सैन्याचे ट्रक होते, आणि "कुठून आलात?" विचारणारी माणसं होती. डेम्पस्टरवर श्वास लागत नाही, तिथे चूक सुधारायला माणूस लागतो आणि तोच नसतो. मला दोन्ही हवं होतं. आणि खरं सांगायचं तर शाळेत भूगोलाच्या पुस्तकात टुंड्रा हा शब्द वाचल्यापासून तो प्रदेश बघायचा होता. खर्च तीन वर्षं साठवला, सायकल जुनीच नेली.

दुसऱ्याचं उत्तर: नाही, मी डेम्पस्टर पूर्ण केला असं म्हणणार नाही. ईगल प्लेन्सला मी एक पूर्ण दिवस याच विचारात घालवला. पुढे रिचर्डसन डोंगर, तिथला वारा ट्रकही ढकलतो असं तिथले लोक सांगतात, मग पील आणि मॅकेन्झी या नद्यांवरच्या फेऱ्या, आणि मध्ये फोर्ट मॅकफर्सन गाव साधारण १८० किलोमीटरवर. हातात एक गिअर, मोडलेला डिरेलर, आणि परतीच्या विमानाला नऊ दिवस. पुन्हा पाऊस लागला असता तर बसायला दिवस उरले नव्हते. दिवस उरले नाहीत की माणूस चिखलात जोर लावतो. एकदा लावून बघितला होता.

वृत्तापर्यंत मात्र गेलो, कारण ते ३६ किलोमीटर होते, आकाश स्वच्छ होतं आणि परत येण्याइतकं खाणं होतं. फलकाजवळ दुपारी चारला पोचलो. कुणी नव्हतं. वारा, आणि खाली पसरलेला लालसर-हिरवा मुलूख. मी सायकल टेकवून ठेवली आणि बराच वेळ नुसता बसलो.

विश्वामित्री (वडोदरा), सोमवार रात्री १०:५०

चोरलकाठ, तुमचं "बसायचे दिवस" वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी निवृत्त शिक्षक, इतिहासाचा. मुलगी कॅनडात असते म्हणून दोनदा तिकडे जाणं झालं आणि तिथल्या पोलिसांचा इतिहास वाचायची गोडी लागली. तुम्ही ज्या माणसाच्या नावाच्या रस्त्यावर होता त्याची गोष्ट इथे नोंदवून ठेवतो.

डिसेंबर १९१० मध्ये इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झजेराल्ड तीन माणसं आणि कुत्र्यांच्या गाड्या घेऊन फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनला निघाला. दर हिवाळ्यात टपाल घेऊन अशी गस्त जायची. त्याला हा प्रवास आधीच्यांपेक्षा कमी दिवसांत करायचा होता, म्हणून ओझं हलकं ठेवलं, शिधा कमी घेतला. वाटेत स्थानिक ग्विचिन माणूस सोबत होता, त्यालाही काही दिवसांनी परत पाठवलं. जो वाटाड्या घेतला होता त्यानं तो रस्ता एकदाच, आणि तोही उलट्या दिशेनं, केलेला होता. एका ओढ्याचं वळण सापडेना. ते शोधण्यात आठवडा गेला. जानेवारीच्या मध्यावर परत फिरले, तोवर शिधा संपत आला होता. कुत्री मारून खाल्ली. चौघेही गेले. फिट्झजेराल्ड फोर्टपासून चाळीसएक किलोमीटरवर सापडला.

फेब्रुवारीच्या शेवटी डॉसनहून शोधायला जो निघाला आणि मार्चमध्ये ज्याला ते सापडले, तो कॉर्पोरल डेम्पस्टर. त्याच्याच नावानं हा रस्ता. चौघांच्या कबरी फोर्ट मॅकफर्सनला आहेत.

चोरलकाठ, सोमवार रात्री ११:३५

सर, नाव माहीत होतं, चौघांचं सापडणंही माहीत होतं. शिधा मुद्दाम कमी घेतला होता हे माहीत नव्हतं. आज झोप लागणार नाही. फोर्ट मॅकफर्सनपर्यंत गेलो असतो तर त्या कबरींना नमस्कार केला असता.

फक्त_हिमालय, मंगळवार सकाळी ९:००

विश्वामित्री सरांची पोस्ट वाचली. माझा दुसरा मुद्दा मी मागे घेतो. पहिल्यावर कायम आहे, पण तो आवडीचा प्रश्न आहे.

दोन_पेडल (इंदूर), मंगळवार रात्री ८:१५

काका, मी पहिल्यांदाच इथे लिहितेय, आतापर्यंत फक्त वाचत होते. वय २७, विजयनगरला आयटीत आहे. चार वर्षं सायकल चालवतेय, इंदूर-महेश्वर-इंदूर एका दिवसात दोनदा केलंय, मांडूला तर अगणित वेळा. मला पुढच्या जुलैत डेम्पस्टर करायचाय. पूर्ण, इनुविकपर्यंत. एकटीच. रजा १४ दिवसांची मिळेल. रोज ९० किलोमीटर सहज जमतात. ७३६ भागिले ९० म्हणजे आठ-नऊ दिवस. तुम्ही म्हणता तसे दोन दिवस बसायला धरले तरी अकरा. जमेल ना?

चोरलकाठ, मंगळवार रात्री १०:१०

बेटा, तुझा उत्साह बघून बरं वाटलं, पण माझं उत्तर तुला आवडणार नाही. १४ दिवसांत जमणार नाही.

इंदूरहून व्हाइटहॉर्सला पोचायला दोन दिवस, यायला दोन. व्हाइटहॉर्स ते डॉसन पाचशेहून जास्त किलोमीटर, तिथे जायला आणि स्प्रे, इंधन, खाणं जमवायला एक-दोन दिवस. सायकलसाठी उरतात आठ. आणि महेश्वरच्या ९० मध्ये डांबर आहे, अंगावर दोन बाटल्या आहेत. तिथे खडीवर, ४० किलोचं ओझं घेऊन, समोरून वारा असला तर दिवसाचे ५५-६० धर. म्हणजे तेरा दिवस नुसते चालवायचे. वर निदान चार बसायचे. इनुविकहून विमानानं परत आलीस तरी प्रवास धरून चोवीस-पंचवीस दिवसांची रजा लागेल.

नद्यांचंही लक्षात ठेव. पील आणि मॅकेन्झीवर पूल नाहीत. उन्हाळ्यात फेरी असते, फुकट असते. हिवाळ्यात बर्फावरूनच गाड्या जातात. बर्फ फुटताना आणि पुन्हा गोठताना काही आठवडे दोन्ही बंद. म्हणजे मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर विसरायचं.

१४ दिवसच असतील तर टूम्बस्टोन आणि इंजिनियर क्रीकपर्यंत जा, १९३ किलोमीटर, आणि परत ये. रस्त्याचा सगळ्यात देखणा भाग तोच आहे.

दोन_पेडल, मंगळवार रात्री १०:२५

अर्ध्यातून परत यायला इतक्या लांब जायचं?

तिळगूळ, मंगळवार रात्री १०:५०

अगं, हा धागा ज्यांनी सुरू केला ते अर्ध्यातूनच आलेत, आणि आपण तीन दिवस त्यांचंच वाचतोय. काका म्हणतात ते नीट ऐक.

मी साठीची आहे, सायकल कॉलेजनंतर सोडली. पण १९८४ साली मी आणि माझी मैत्रीण सायकलवर ओंकारेश्वरला गेलो होतो, घरी न सांगता. सिमरोलचा घाट उतरताना मागचा ब्रेक गेला. बडवाहपर्यंत एका बैलगाडीच्या मागे मागे गेलो. रात्री परत येणं शक्यच नव्हतं, घाटाखाली एका म्हातारीनं ठेवून घेतलं. तिनं केलेली मक्याची भाकरी आणि अंबाडीची भाजी मला आजही आठवते. तेव्हा आमच्याकडे घरी कळवायचं साधन नव्हतं आणि वडील रात्रभर एस.टी. स्टँडवर उभे होते. तेवढं एकच वाईट वाटतं. तू जा, पण तुझ्या घरच्यांना रात्रभर उभं करू नकोस. रजा वाढवून माग. नाही मिळाली तर एक वर्ष थांब.

किल्ल्याखाली, बुधवार सकाळी ७:१०

तिळगूळताई, तुमची ही गोष्ट वेगळ्या धाग्यात सविस्तर लिहाच.

दोन_पेडल, बुधवार रात्री ९:४०

मॅनेजरशी बोलले. बिनपगारी धरून २४ दिवस मिळू शकतील, पण लेखी मिळायचंय. घरी आईला हा धागा वाचून दाखवला. ती सगळं ऐकून फक्त एवढंच म्हणाली की निरोपाची छत्तीस तासांची अट तिला चोवीस हवी.

काका, एक विचारायचंय. हँगरचं तुम्ही सांगितलंत ते मी करीन, फ्रेमला लावून बघीन, दोन नेईन. चिखलाचा सराव कसा करायचा? आणि चेन तोडून एका गिअरवर आणणं मला येत नाही. व्हिडिओ बघितले, पण हातानं केलेलं नाही.

चोरलकाठ, बुधवार रात्री १०:३०

आईंची अट बरोबर आहे. चोवीसच ठेव.

चिखलाच्या सरावासाठी आपल्या माळव्यासारखी जागा नाही. आपली काळी माती भिजली की टायरला अगदी तशीच चढते, फक्त तिच्यात खडी नसते. मी जाण्याआधी घाटातच सराव केला, चढाचा. जाम गेट, सिमरोल, पुन्हा जाम गेट. चिखलात एकदाही सायकल घातली नाही, पाऊस आला की घरी यायचो. तीच चूक.

येत्या रविवारी पहाटे सव्वापाचला भंवरकुआं चौराह्यावर ये. खंडवा रोडनं तिल्लोरपर्यंत जाऊ आणि तिथून शेतांमधल्या कच्च्या रस्त्यावर उतरू. पाऊस असला तरी रद्द करायचं नाही, पाऊस हवाच आहे. मडगार्ड काढून आण. दोन्ही बॅगांत मिळून वीस किलो तांदूळ किंवा विटा भर, ओझ्याशिवाय चिखल कळत नाही. चाक भरलं की ढकलायचं नाही, उचलून बाजूला न्यायचं, आणि तिथेच बसायचं. मी पोहे आणतो.

चेन मी तुला तिथेच तोडायला लावीन, चिखलानं भरलेल्या हातांनी. घरी स्वच्छ हातांनी शिकलेलं तिथे उपयोगी पडलं नाही, बोटं गारठली की पिन दिसतच नाही, अंगठ्यानं चाचपून लावावी लागते. चेन टूल, चेन जोडायच्या दोन क्विक-लिंक आणि दात घासायचा जुना ब्रश घेऊन ये.

निमाडी, बुधवार रात्री १०:४४

मी शनिवारी इंदुरातच आहे, सायकल नाही, पण एखादी मिळाली तर मीही येतो. चटणी आणू ना? इथे तर अस्वल नाही.

चोरलकाठ, बुधवार रात्री १०:५१

आणा. माझी जुनी सायकल आहे, सीट तेवढी तुमच्या उंचीला लावून घेऊ. सव्वापाच.